पातेलं तिचं, परवाना त्याचा

(‘स्वयंपाकघराचा इतिहास’ या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचं वळण तसंच ठेवलं आहे.)



‘मसालेदार बियर आणि स्वयंपाक’ हा विषय फलकावर लागला तेव्हापासून माझ्याकडे दोन प्रश्न सतत येत आहेत. पहिला कुतूहलाचा आहे : बियर घालून स्वयंपाक करतात म्हणजे नेमकं काय करतात? दुसरा जरा चढ्या आवाजातला आहे : गुत्ते बंद करा म्हणून मोर्चे काढणाऱ्या आपण, आणि आपल्याच सभेत बियरच्या पाककृती?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्या प्रश्नातला राग कुठून येतो हे या खोलीत कुणाला समजावून सांगायला नको. पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसलेली बाई आपल्यापैकी प्रत्येकीच्या ओळखीची आहे. तो राग बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही. तो राग घेऊनच आज आपण एका पातेल्यात डोकावून बघू या. कारण माझं म्हणणं असं आहे की बियर ही हजारो वर्षं स्वयंपाकघरातली वस्तू होती. धान्य, पाणी, झाडपाला, मसाला आणि बाईचे श्रम यांतून ती व्हायची. तिच्यात फार पैसा नव्हता तोवर ती बाईच्या हातात राहिली. पैसा आला, तसं ते काम बाईच्या हातून गेलं. हे कसं घडलं ते समजून घेणं आपल्या दारूविरोधी कामालाही उपयोगाचं आहे.

पातेल्यात काय आहे?

आधी पहिला प्रश्न. बियर घालून केलेल्या पदार्थांत सगळ्यात नावाजलेला पदार्थ बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातला. फ्रेंच बोलणारे त्याला कार्बोनाद म्हणतात, फ्लेमिश बोलणारे स्टोफव्लेस. हा गोमांसाचा रस्सा. मांसाचे जरड, स्वस्तातले तुकडे लोण्यावर किंवा चरबीवर चांगले तांबूस परतायचे. त्याच भांड्यात भरपूर कांदा मंद आचेवर परतायचा. मग गडद रंगाची, कमी कडू बियर ओतायची. तमालपत्र आणि थाइम नावाचा सुगंधी पाला घालायचा. आता गंमत बघा : पावाच्या स्लाइसला मोहरीची चटणी फासून तो स्लाइस, चटणीची बाजू खाली करून, रश्श्यावर ठेवून द्यायचा. अडीच-तीन तास मंद शिजताना पाव विरघळतो आणि रस्सा दाट होतो. काही घरांत साध्या पावाऐवजी सुंठ, दालचिनी, लवंग घातलेल्या मसालेदार केकचा तुकडा टाकतात. शेवटी चमचाभर ब्राऊन शुगर आणि थोडं व्हिनेगर.

म्हणजे काय झालं? जरड मांस मऊ करायचं, शिळा पाव वाया घालवायचा नाही, आणि आंबट-गोड-तिखट-कडू यांचा तोल साधायचा. आपल्या आमटीत चिंच-गुळाचा जो हिशेब असतो तोच हा हिशेब. कुठल्याही देशात ही अक्कल काटकसरीने घर चालवणाऱ्या बाईचीच असते. अलीकडे हॉटेलच्या जाड कागदी मेनूवर हा पदार्थ दिसतो तेव्हा सोबत उंच टोपीतल्या शेफचा फोटो असतो, ही गोष्ट वेगळी.

मसालेदार बियर म्हणजे मिरची घातलेलीच असं नाही. मिरचीची बियरही निघते, पण युरोपातल्या जुन्या बियरचे मसाले वेगळे. बेल्जियमच्या होगार्डन गावाकडची गव्हाची पांढरट बियर धणे आणि वाळवलेली संत्र्याची साल घालून करतात. ही बियर १९५०च्या दशकात जवळजवळ नाहीशी झाली होती. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६६ साली ती पुन्हा सुरू केली. शिंपले शिजवायला, माशाच्या रश्श्याला ती चांगली लागते, कारण धणे आणि संत्र्याची साल माशाशी जमतात.

कुणाला करून बघायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बियरचा कडूपणा उकळून उडत नाही. रस्सा आटतो तसा तो वाढतो. म्हणून कडू बियर आटवायची नाही. दोन, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. म्हणून तिखट हवं असेल तर मिरची आधी फोडणीत जायला हवी. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

‘उडून जाते’ म्हणजे किती?

आता एक महत्त्वाची गोष्ट. बियर किंवा वाइन घातलेला पदार्थ वाढताना हमखास सांगितलं जातं, ‘‘शिजवल्यावर दारू उडून जाते, काही राहत नाही.’’ हे खरं नाही. अमेरिकेत १९९२ साली याची मोजमापं प्रसिद्ध झाली, आणि तिथल्या शेती खात्याच्या तक्त्यांत ती घेतली गेली. दारू घातलेला पदार्थ १५ मिनिटं शिजवला तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के. वरून दारू ओतून पेटवून दाखवतात, त्यात तर ७५ टक्के राहतं. ज्वाळा नुसत्या दिखाव्याच्या.

हिशेब करून पाहू. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत ५ टक्के म्हणजे साडेसोळा मिलिलिटर अल्कोहोल. पंधरा मिनिटं शिजवलेल्या रश्श्यात त्यातलं साडेसहा मिलिलिटर उरेल. अडीच तास शिजवलेल्या कार्बोनादच्या अख्ख्या भांड्यात एक मिलिलिटरही नाही. म्हणजे प्रमाण फार नाही. मग मी एवढं का सांगते आहे?

कारण खाणाऱ्याला माहीत असण्याचा हक्क आहे. घरात कुणी दारू सोडलेली असेल तर त्या वासानेही जुनी ओढ जागी होऊ शकते. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरॅमची गोळी चालू असेल तर जेवणातल्या दारूपासूनही दूर राहा असं डॉक्टर सांगतात, कारण त्या गोळीवर थोड्या अल्कोहोलनेही उलट्या, धडधड, घाबरं होणं असा त्रास होऊ शकतो. कुणी गरोदर असेल, कुणी धर्मामुळे दारूला शिवत नसेल. या सगळ्यांना ताट वाढण्याआधी सांगायला हवं. ‘काही राहत नाही’ असं म्हणून दुसऱ्याच्या वतीने ठरवून टाकायचं, ही सवय आपण फार जवळून पाहिली आहे. ती आपल्या स्वयंपाकघरात नको.

आणि हेही सांगते : बियर नसली म्हणून काही अडत नाही. बियरमुळे रश्श्याला येते ती भाजलेल्या धान्याची चव, थोडा आंबटपणा आणि थोडा कडूपणा. भाजलेल्या नाचणीच्या पातळ आंबिलीत यातलं बरंच काही मिळतं.

मोड, विरजण आणि बाई

आंबिलीचं नाव घेतलं ते उगीच नाही. बियर कशी होते ते आपल्या भाषेत सांगायचं तर नाचणी-सत्त्वापासून सुरुवात करावी लागेल. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, भरडायचं. इथपर्यंत आपल्या सत्त्वात आणि युरोपातल्या माल्टमध्ये फरक नाही. धान्य तिथे सातूचं असतं एवढंच. मोड आल्याने धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. ती गरम पाण्यात उतरवायची, गाळायची आणि विरजण लावावं तसं यीस्ट लावून आंबवायची. हे काम कुणाकडे असणार? जिच्याकडे दळण, भिजवण, भाकरी आणि विरजण आहे तिच्याकडेच.

इराकच्या प्राचीन सुमेर संस्कृतीत बियरची देवता स्त्री होती. तिचं नाव निनकासी. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या विटांवर तिचं एक स्तोत्र मिळालं आहे, आणि त्यात पीठ सुगंधी द्रव्यांत कालवण्यापासून बियर गाळण्यापर्यंतचं वर्णन येतं. म्हणजे मसाला घालणं ही आजची टूम नाही. तिथल्याच हम्मुराबी राजाच्या कायद्यात गुत्ता चालवणाऱ्या बाईवर कलमं आहेत. बियरच्या मोबदल्यात धान्य घ्यायला नकार देऊन तिने जास्त चांदी घेतली किंवा माप मारलं, तर तिला पाण्यात टाकावं. तिच्या घरात कटवाले जमले आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यात नेलं नाही, तर तिला देहदंड. म्हणजे धंदा बाईचा होता आणि पहिल्या दिवसापासून सत्तेची नजरही तिच्यावरच होती.

मध्ययुगीन इंग्लंडचं चित्र कागदपत्रांमुळे जास्त स्पष्ट दिसतं. ज्युडिथ बेनेट या इतिहास-अभ्यासक बाईंनी १९९६ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. गावागावांतल्या न्यायसभांच्या दंडाच्या याद्या त्यांनी चाळल्या. त्या काळी जे पेय करत ते ‘एल’, म्हणजे हॉप्स न घातलेली बियर. ती चार-सहा दिवसांत आंबून जायची. म्हणून बाई एकदम मोठं पातेलं चढवायची, घरापुरती ठेवायची आणि उरलेली शेजारीपाजारी विकायची. पुढच्या आठवड्यात शेजारणीचं पातेलं चढायचं आणि ही तिच्याकडून विकत घ्यायची. दाराबाहेर काठी लावली की समजायचं, आज या घरी एल तयार आहे. अशी कामं करणारी ती ‘ब्रूस्टर’. सूत कातणारी ‘स्पिन्स्टर’, तशी बियर करणारी ‘ब्रूस्टर’. त्या शेपटाचा मूळ अर्थच बाई असा होता. पुढे धंदा पुरुषांचा झाला आणि ब्रूस्टर हे आडनाव तेवढं उरलं.

हे पेय चैनीचं नव्हतं. ते पातळ असायचं आणि पोटभरीचं असायचं. जर्मनीत कॉफी घरोघर पोचण्याआधी सकाळची न्याहारी म्हणून बियरचं सूप व्हायचं. इंग्लंडात थंडीच्या दिवसांत गरम एलमध्ये भाजलेली सफरचंदं, जायफळ, सुंठ आणि साखर घालत. बाळंतिणीसाठी तर खास काम असायचं. कळा सुरू होण्याच्या बेताला घरात वेगळी, कडक एल तयार ठेवायची. बाळंतिणीला ‘कॉडल’ नावाची पेज द्यायची : एल किंवा वाइन, ओटचं पीठ, अंडं, साखर, मसाले. जमलेल्या सुईणी आणि शेजारणीही तीच घ्यायच्या. आपल्याकडे आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सुंठ-जायफळ असतं. घटक वेगळे असले तरी बाळंतिणीच्या खोलीतली ही विद्या सगळीकडे बायकांचीच.

मसाला गेला, मग बाई गेली

हॉप्स ही एक वेल. तिच्या फुलांनी बियर कडू होते आणि टिकते. बाराव्या शतकातल्या जर्मन मठाधिपती हिल्डेगार्ड यांनी आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात हॉप्सच्या कडूपणाने पेयं नासत नाहीत असं नोंदवलं, आणि त्याने मनाचा उदासपणा वाढतो हेही लिहिलं. त्याआधी नेदरलँड आणि ऱ्हाइन नदीच्या भागांत बियरमध्ये ‘ग्रुट’ घालत. दलदलीत वाढणाऱ्या सुगंधी झुडपांचा पाला, रानफुलं, असं ते मिश्रण असायचं. ते विकण्याचा हक्क सरदार, बिशप, नाहीतर शहरं यांच्याकडे असायचा. म्हणजे मसाल्यावरच कर. नंतर हॉप्स आले. बव्हेरियात १५१६ सालच्या फर्मानाने बियरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांपलीकडे काही घालायचं नाही असं ठरलं. पुढे हाच नियम जर्मनीभर शुद्धतेचा म्हणून मिरवला गेला. झाडपाल्याची, प्रत्येक घराची वेगळी अशी बियर मागे पडत गेली. बेल्जियमला असा नियम लागू नव्हता, म्हणून धणे आणि संत्र्याची साल तिथे टिकली.

इंग्लंडात हॉप्सची बियर १४००च्या सुमारास समुद्रापलीकडून आली. यात वरवर पाहता वाईट काहीच नाही. टिकाऊ पेय केव्हाही चांगलंच. पण टिकाऊपणाचा परिणाम बघा. जे चार दिवसांत नासतं ते गावापुरतंच विकता येतं. जे महिनोन् महिने टिकतं ते साठवता येतं, लांब पाठवता येतं, सैन्याला आणि जहाजांना पुरवता येतं. त्यासाठी तांब्याची मोठी भांडी लागतात, जास्त जळण लागतं, गोदाम लागतं, नोकर लागतात. माल विकला जाईपर्यंत पैसा अडकवून ठेवावा लागतो. आणि हे सगळं करायला कर्ज लागतं.

कर्ज कुणाला मिळणार? तिथल्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने करार करता येत नव्हता, दावा लावता येत नव्हता. कित्येक गावांच्या याद्यांत बायकोने केलेल्या एलचा दंड नवऱ्याच्या नावावर आहे. धंदेवाल्यांच्या संघटनांत बायका असल्या तरी अधिकारपदं पुरुषांची. एल चाखून भाव आणि दर्जा ठरवणारे अधिकारी पुरुष. सरकारी कंत्राटं पुरुषांना. बाईला कुणी हाताला धरून बाहेर काढलं नाही. दारं उघडीच होती, फक्त आत यायला लागणारी प्रत्येक वस्तू तिच्या आवाक्याबाहेरची होती.

बेनेटबाईंचा एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. त्या म्हणतात, बायकांच्या हातात हे काम होतं त्या काळाला सुवर्णयुग समजू नका. कमी कौशल्याचं, कमी नफ्याचं आणि कमी प्रतिष्ठेचं काम होतं, म्हणून ते बायकांकडे होतं. त्यात नफा आणि प्रतिष्ठा आली तेव्हा ते पुरुषांकडे गेलं. बाई होती तिथेच राहिली : कमी पैशाच्या, कमी मानाच्या कामात. शिवणकामाच्या घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणींना यात काही ओळखीचं वाटतं का, बघा.

पैसा गेला त्याबरोबर अब्रूवरही हल्ला झाला. जॉन स्केल्टन या इंग्रज कवीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका एल विकणाऱ्या बाईवर लांबलचक टवाळखोर कविता लिहिली. तिच्या नाकापासून तिच्या भांड्यांपर्यंत सगळं किळसवाणं. चेस्टर शहराच्या धार्मिक नाटकात माप मारणारी एलवाली नरकात ठेवलेली आहे. त्याच चेस्टरमध्ये १५४० साली आदेश निघाला की १४ ते ४० या वयाच्या बाईने एल विकू नये. कारण? तिच्यामुळे पुरुष वाट चुकतात. भेसळ पुरुषही करत होते, पण ‘भेसळ करणारी’ म्हणून चित्र उभं राहिलं ते बाईचं.

इथे एक सावधगिरीची सूचना. हल्ली एक गोष्ट फार सांगितली जाते. चेटकिणीची टोकदार टोपी, झाडू, मांजर आणि कढई हे सगळं मूळचं एल करणाऱ्या बायकांचं, आणि धंदा बळकावण्यासाठी त्यांनाच चेटकिणी ठरवून जाळलं. गोष्ट आपल्याला आवडेल अशी आहे. पण इतिहासकारांना तिला पुरावा सापडत नाही. आपली बाजू खरी असताना तिला कच्ची वीट लावायची गरज नाही. कायदा, कर्ज आणि कंत्राट यांनी जे झालं ते पुरेसं भयंकर आहे.

त्यानंतर कित्येक शतकांनी, १९४६ साली, बेल्जियमच्या औडेनार्दे गावातल्या लीफमान्स या कारखान्यात रोझा मर्क्स नावाची तरुणी सेक्रेटरी म्हणून लागली. चव घेण्यात ती तरबेज निघाली. मालक वारल्यावर १९७०च्या दशकात कारखान्याची सूत्रं तिच्याकडे आली. बेल्जियममधली पहिली स्त्री-ब्रूमास्टर म्हणून तिचं नाव घेतात. ज्या कामाला एकेकाळी बाईचंच नाव होतं, त्या कामात ‘पहिली स्त्री’ म्हणून कौतुक व्हावं, यातच सगळा इतिहास आला.

आपल्या किनाऱ्यावर, आपल्या रानात

आता आपल्याकडे येऊ. आंबवलेलं पेय स्वयंपाकात घालणं आपल्याला परकं नाही. गोव्यात ख्रिस्ती घरांतली सान्नं माडाच्या सुराने फुगवतात. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतले फुगे पूर्वी ताडीवर फुगायचे. त्यात नशा नव्हती. नशेसाठी ती घालतही नव्हते. सूर हे त्यांचं यीस्ट होतं. आणि ईस्ट इंडियनांच्या प्रसिद्ध ‘बॉटल मसाल्या’चं नावच बियरच्या बाटलीवरून पडलं. उन्हाळ्यात मिरच्या आणि पुष्कळ जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, लाकडी उखळात कुटून तो मसाला बियरच्या रिकाम्या, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. गडद काचेत तो वर्षभर टिकायचा. कुटायला बायकांची टोळी घरोघर फिरायची. बियरची बाटली बाईच्या हातात आली ती रिकामी होऊन, आणि तिने तिच्यात वर्षाचा मसाला भरला. यापेक्षा जास्त काही मी त्यावर बोलत नाही.

झारखंड, ओडिशा, बंगालच्या आदिवासी भागात भाताची हंडिया होते. तांदळाच्या पिठात रानातल्या मुळ्या आणि झाडपाला घालून ‘रानू’च्या गोळ्या करतात, त्या शिजवलेल्या भातात कालवून आंबवतात. म्हणजे हीसुद्धा मसाल्याची बियरच. सणाला, लग्नाला, पूर्वजांना ती लागते. करणाऱ्या बायका. आठवडी बाजारात ओळीने बसून विकणाऱ्याही बायका. तिला दुसरं उत्पन्न नाही म्हणून ती विकते. तिच्या समोर बसून पिणारा कदाचित तिच्याच शेजारणीचा नवरा असतो. झारखंड सरकारने २०२० साली या बायकांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्यासाठी योजना काढली. म्हणजे हा रोजगाराचा प्रश्न आहे हे सरकारलाही मान्य करावं लागलं.

आपल्या मुंबई इलाख्यात १८७८ सालच्या अबकारी कायद्याने गावठी गाळपावर बंधनं घातली. गाळप सरकारमान्य भट्ट्यांत आणि विक्री ठेकेदारांच्या हातात नेली. मोह वेचणारी तीच राहिली. पण घरची दारू गुन्हा झाली आणि दुकानातली दारू महसूल झाली. १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी दारू सोडली आणि ठेकेदाराकडे पाठ फिरवली. दारूबंदी आणि ठेकेदाराविरुद्धचा लढा त्यांच्या लेखी एकच होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९७२-७३मध्ये शहाद्याच्या आदिवासी बायका गावोगाव फिरून दारूचे मटके फोडत होत्या. १९९२मध्ये आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या बायकांनी साक्षरता वर्गातून उठून अरकच्या दुकानांवर मोर्चे नेले. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात बायकांनी लढून ती २०१५ साली आणली आणि २०२१ साली ती उठवली गेली. उठवताना महसुलाचा हिशेब झाला. घरात खाल्लेल्या माराचा हिशेब कुठल्या खात्यात मांडतात?

मग आपण काय म्हणायचं?

आता तो दुसरा प्रश्न. माझं उत्तर असं आहे.

आपला लढा पातेल्याशी नाही. सुरात फुगलेल्या सान्नाशी नाही, पूर्वजांसाठी काढून ठेवलेल्या हंडियाच्या दोन थेंबांशी नाही, कुठल्या परक्या देशातल्या रश्श्याशीही नाही. आपला लढा ज्या व्यवस्थेशी आहे तिच्यात दारू बनवण्याचा नफा एकाचा, विकण्याचा कर दुसऱ्याचा, पिण्याची मोकळीक तिसऱ्याची, आणि त्याची सगळी किंमत बाईच्या अंगावर. इंग्लंडातली बाई काय किंवा मोह वेचणारी काय, दोघींच्या बाबतीत क्रम तोच दिसतो. आधी विद्या तिची. मग परवाना त्याचा. मग बदनामी तिची.

पण याचा अर्थ बायकांनी केलेली दारू ती निर्मळ, असाही नाही. गावठी विकणारी बाईसुद्धा कुणाचं तरी घर बुडवते, हे आपल्या गटातल्या मैत्रिणींनी सोसलेलं आहे. मोर्चा तिच्याही दारात जाईल. पण तिच्या दारात जाताना तीन गोष्टी सोबत न्या असं मी म्हणते. पहिली, धाड पडते तेव्हा मटका हिचा फुटतो आणि परवानावाल्याचं दुकान तसंच उघडं राहतं, याची जाण. दुसरी, हे बंद केल्यावर तिने खायचं काय, याचं काहीतरी उत्तर. तिसरी, तिच्याशी बोलण्याची तयारी, कारण उद्या गावात मतदान झालं तर आडव्या बाटलीला तिचंही मत लागणार आहे.

आणि एक काम घरातलं. आपल्या आया-आज्यांकडे आंबवण्याची विद्या आहे : आंबील, सुराची सान्नं, विरजणं, काढे. ती लिहून घ्या. लिहिताना नाव लिहा. ‘पारंपरिक पदार्थ’ असं लिहू नका. परंपरेला हात नसतात. कुणी केलं, कुणाकडून शिकली, किती वेळ लागला, सरपण कुणी आणलं, विकलं असेल तर पैसे कुणाच्या हातात पडले, हे सगळं लिहा. इंग्लंडातल्या बायका आज आपल्याला दिसतात त्या दंडाच्या याद्यांमुळे. त्यांच्याबद्दल लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. आपली नोंद दंडाच्या वहीत व्हायची वाट कशाला बघायची?

यावर तुमचे प्रश्न असतील, विरोधही असेल. दोन्ही मोकळेपणाने मांडा. दारूच्या प्रश्नावर आपल्या गटांत एकमत नाही हे मला माहीत आहे. ते झाकून ठेवण्यापेक्षा इथे, आपसात, बोललेलं बरं.